भिंतीवरचं घड्याळ : स्वतःच्या नजरेची, वस्तूंची आणि सवयींची झडती कशी घ्यावी

बैठकीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून मी ते उतरवून कपाटात ठेवलं. दुपारी मुलगी म्हणाली, "आई, त्या भिंतीवर काय शोधतेयस सारखी?" मी म्हटलं, "कुठे काय?" ती हट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन बसली आणि मी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं की एक रेघ, असं करत गेली. रात्री मोजल्या तर १९ रेघा. मला विचारलं असतंत तर मी तीन-चार म्हटलं असतं, तेही ठामपणे. मनगटावर घड्याळ होतं, हातात फोन होता, भिंतीवर नुसता खिळा होता. तरी मान वळत होती.

त्या कागदापासून हे सगळं सुरू झालं. आपण काय पाहतो, काय साठवतो आणि दिवसभर नकळत काय करत राहतो, याची मी दोनदा झडती घ्यायला बसले, प्रत्येक वेळी महिनाभराचा बेत करून. पहिला बेत नवव्या दिवशी बारगळला, दुसरा तडीस गेला. ज्यांना पहिल्यांदाच करून बघायचंय त्यांच्यासाठी ही कृती लिहितेय. तत्त्वज्ञान वाचलेलं असायची गरज नाही. रोजचा अर्धा तास मात्र लागेल.

काय काय लागेल

• एक जुनी, अर्धी वापरलेली वही. नवी आणू नका. "सुरुवात करायची तर वही तरी चांगली हवी" असं मनात आलं तर तेच वाक्य तारीख घालून लिहा. पहिली नोंद झाली.
• पेन्सिल, सेंटिमीटरची पट्टी, कोरे कागद.
• आरसा.
• हात बुडेल अशी तीन भांडी.
• एक पुठ्ठ्याचा खोका आणि चिकटपट्टी.
• घरातलं एक माणूस, जे तुम्हाला तोंडावर खरं सांगतं. नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यावर भागवा.

कागदपत्रं कसलीच लागत नाहीत. उलट घरची महत्त्वाची कागदपत्रं आधीच एका फायलीत घालून या सगळ्यापासून लांब ठेवा.

१. 'का' हा शब्द महिनाभर बंद

नवखा माणूस हमखास इथूनच सुरू करतो : मी हे का ठेवलंय? मी असं का वागते? प्रश्न रास्त वाटतो, उत्तरही झटकन मिळतं. पंचाईत अशी की ते उत्तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे रचलेलं असतं.

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाची हकिकत छापली. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड मांडले आणि लोकांना सगळ्यात चांगला जोड निवडायला सांगितलं. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी अगदी डावीकडचा १२ टक्के लोकांनी निवडला आणि अगदी उजवीकडचा ४० टक्के लोकांनी. निवड कशावरून केली असं विचारल्यावर लोक मोज्यांच्या गुणांबद्दल बोलले. जागेचं नाव कुणी काढलं नाही. जागेमुळे असं झालं असेल का, असं थेट विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपल्याला कारण माहीत आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं.

म्हणून वहीत फक्त चार प्रश्नांना जागा : काय, केव्हा, कुठे, किती.

माझी पहिल्या खेपेची नोंद अशी होती : "फोन फार बघते, कारण डोक्याला ताण आहे." ही नोंद काही कामाची नाही. दुसऱ्या खेपेची : "मंगळवार, ११.४०. लिफ्टची वाट बघताना फोन काढला. कुलूप उघडलं. काहीच न बघता परत ठेवला. सकाळपासून सातव्यांदा." हिचा उपयोग होतो. लिफ्ट समोर आली.

नोंद लगेच करा, रात्री आठवून नको. १९८६ साली चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं, तेव्हा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांची आठवण आधीच्या उत्तराशी कुठेच जुळली नाही. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही काहींना आत्ताची आठवणच खरी वाटत होती. एवढ्या मोठ्या घटनेचं हे, तर लिफ्टपाशी काढलेल्या फोनचं काय घेऊन बसलात!

२. नजरेला पट्टी लावा (पहिले पाच-सहा दिवस)

वस्तूंवर आणि सवयींवर एकदम उडी मारू नका. माझ्या पहिल्या खेपेतली सर्वांत मोठी चूक ती होती. स्वतःच्या डोळ्यांनी आपण रोज फसतो हे अंगाने कळलेलं नसलं की पुढे प्रत्येक वस्तूपाशी आणि सवयीपाशी आपण "मला माझं माहीत आहे" असं म्हणत राहतो. म्हणून हे प्रयोग वाचून सोडू नका, करा.

आंधळा ठिपका. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत, बरोबर ८ सेंटिमीटरवर एक भरीव ठिपका काढा, शाईच्या डागाएवढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा, ठिपक्याकडे वळू नका. कागद हातभर लांब धरा आणि हळूहळू जवळ आणा. चेहऱ्यापासून साधारण २८ ते ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होईल. आणखी जवळ आणला की परत दिसेल. फुलीवरून नजर हलली तर प्रयोग फसतो, आणि पहिल्या दोन-चार वेळा ती हलतेच.

डोळ्याच्या पडद्यातून दृष्टीची नस जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून हे होतं. एद्म मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात हे दाखवून दिलं. त्याआधी किती पिढ्या दोन्ही डोळ्यांत हे भोक घेऊन जगल्या आणि कुणाला पत्ता नव्हता! आता त्याच कागदावर ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा करा. ठिपका जाईल, पण रेघ तुटणार नाही. जिथे काहीच दिसत नाही तिथे मेंदूने आजूबाजूचं बघून रेघ भरून काढलीय. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. रिकामी जागा काळी दिसत नाही, ती दिसतच नाही, हे मला पचायला वेळ लागला.

आरसा. आरशासमोर हातभर अंतरावर उभं राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. आपले डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतात. डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो, आणि उडीदरम्यानचं धूसर चित्र मेंदू आपल्यापर्यंत येऊ देत नाही. हाच खेळ फोनच्या समोरच्या कॅमेऱ्यात करून बघा. तिथे बहुधा डोळे हलताना दिसतील, कारण कॅमेऱ्याचं चित्र किंचित उशिरा पोचतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात ते ठीक, पण डोळ्याच्या बाबतीत आरसा असूनही भागत नाही.

तीन भांडी. एकात सोसेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात गार, मधल्यात कोमट. एक हात गरममध्ये, एक गारमध्ये, दोनेक मिनिटं. मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात. एका हाताला ते पाणी गार लागेल, दुसऱ्याला गरम. पाणी एकच, माणूस एकच, क्षणही एकच. "मला हे पाणी कसं वाटतं?" या साध्या प्रश्नाला त्या क्षणी दोन खरी उत्तरं असतात. लहान मुलं घरात असतील तर गरम पाण्याचं भांडं तुम्हीच हाताळा.

दोन रेघा. हा प्रयोग शेवटी ठेवा. पट्टीने मोजून दोन आडव्या रेघा काढा, प्रत्येकी ६ सेंटिमीटर. एकीच्या दोन्ही टोकांना बाणासारखी, आत वळलेली टोकं काढा. दुसरीला उलटी, बाहेर फाकलेली. दुसरी लांब दिसते. हा भ्रम फ्रान्त्स म्युलर-लायर यांनी १८८९ साली मांडला. आता पट्टी लावून खात्री करा की दोन्ही सारख्याच आहेत. पट्टी उचला. दुसरी अजूनही लांबच दिसते.

इथे जरा थांबा, कारण पुढचा सगळा महिना या दोन रेघांवर उभा आहे. आपल्याला वाटतं, भ्रम कळला की गेला. अंधारातली दोरी साप वाटली आणि दिवा लावला की साप जातो, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. काही भ्रम तसे असतातही. पण या रेघांचा भ्रम उजेडातला आहे. मोजमाप माहीत असून, स्वतः मोजून, रेघा स्वतःच्या हाताने काढून तो जात नाही. तेव्हा डोळ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पट्टी लावायची आणि डोळ्याला काहीही दिसलं तरी निर्णय पट्टीवरून घ्यायचा. वस्तू आणि सवयी या बहुतेक असल्याच रेघा निघतात.

३. रोजची एक वस्तू न बघता काढा

एकच दिवस पुरे. जी वस्तू तुम्ही रोज अनेकदा बघता ती न बघता कागदावर काढा : एखादं नाणं, फोनच्या पहिल्या पडद्यावरची चिन्हं त्यांच्या क्रमाने, घराच्या दाराची कडी. मग शेजारी मूळ वस्तू ठेवा. १९७९ साली रेमंड निकर्सन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स यांनी अमेरिकेतल्या लोकांना त्यांचं रोजचं एक सेंटचं नाणं असंच काढायला लावलं होतं. बहुतेकांना ते धड जमलं नाही.

मी आमचं घड्याळ काढलं. तबकडीवर रोमन आकडे होते, तेवढं आठवत होतं. चारच्या जागी मी पाचाच्या खुणेआधी एक रेघ काढली, शाळेत शिकवलेली. कपाटातून घड्याळ काढून बघते तर तिथे चार उभ्या रेघा. रोमन आकड्यांच्या पुष्कळ घड्याळांत तशाच असतात, हे मला नंतर कळलं. त्या भिंतीवर मी वर्षानुवर्षं वेळ बघत होते, घड्याळ कधी पाहिलंच नव्हतं.

चित्रकला येत नाही म्हणून ही पायरी गाळू नका. चित्र जितकं वाईट तितकं बरं, चुका मोकळ्या दिसतात.

४. एक खण, फक्त एक

आता वस्तू. अख्खं घर काढू नका, खोलीसुद्धा नको. एक खण निवडा. पहिल्या खेपेला मी एका रविवारी तीन कपाटं जमिनीवर ओतली. संध्याकाळी पलंगावर झोपायला जागा नव्हती, म्हणून सगळं जसंच्या तसं परत कोंबलं. पहिला बेत बारगळायला तिथूनच सुरुवात झाली.

दुसऱ्या खेपेला किल्ल्यांचा खण घेतला. १४ किल्ल्या निघाल्या. प्रत्येकीपुढे तिचं कुलूप लिहायचं ठरवलं तेव्हा पाच कुलपं सापडली. एक किल्ली आम्ही कधीच सोडलेल्या घराची होती. दोन बॅगांच्या होत्या, आणि बॅगा केव्हाच गेल्या होत्या. उरलेल्या सहांचा मालक कोण ते कुणालाच सांगता येईना. तरी नवरा म्हणाला, "राहू दे, किल्ली काय टाकायची असते?" आणि खरं सांगायचं तर माझाही हात पुढे होईना.

कृती अशी :

(क) खण रिकामा करा, वस्तू मोजा, आकडा लिहा. मोजण्याआधी अंदाज लिहायला विसरू नका. दोन आकड्यांतलं अंतर हीच तुमची पट्टी.

(ख) प्रत्येक वस्तू शेवटची कधी वापरली ते लिहा. "अधूनमधून" हे उत्तर बाद. महिना सांगता येत नसेल तर "आठवत नाही" लिहा.

(ग) आता हा एकच प्रश्न : ही वस्तू माझ्याकडे नसती आणि आज कुणी समोर धरली, तर मी ती घेतली असती का?

हा प्रश्न असा आडवळणाने विचारायचं कारण आहे. "टाकू का?" असं विचारलं की हात आखडतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांपुरतं नसतं, कपबशांनाही लागू पडतं. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली छापलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचा एक साधा मग देऊन टाकला आणि बाकीच्यांना दिला नाही. ज्यांना मिळाला त्यांनी तो विकायला जी किंमत सांगितली, ती न मिळालेल्यांच्या देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग त्यांच्या हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. तर वीस वर्षं खणात पडलेल्या किल्लीचं मोल किती वाढलं असेल!

(घ) ज्याचं उत्तर "नाही" आलं ते खोक्यात. खोका चिकटपट्टीने बंद करा आणि वर तारीख लिहा, आजची नव्हे, सहा महिन्यांनंतरची. आत काय आहे ते खोक्यावर लिहू नका, वहीत लिहा. मधे एखादी वस्तू खरंच लागली तर खोका उघडून ती काढा आणि परत खणात ठेवा, त्यात हार वगैरे काही नाही. तारखेपर्यंत जे आत राहिलं ते देऊन टाका किंवा भंगारात घाला. वहीतली यादी न बघता खोक्यात काय आहे ते आठवून बघा, हात सैल व्हायला मदत होते.

इथे लोक कुठे फसतात ते सांगते.

दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नका. मी नवऱ्याच्या जुन्या तारांचं भेंडोळं परस्पर खोक्यात घातलं आणि आठ दिवस घरात शीतयुद्ध झालं. चूक माझीच होती. झडती स्वतःची घ्यायची असते.

आठवणींच्या वस्तूंपासून सुरुवात करू नका. आईचा चष्मा, मुलीचा पहिला बूट, पत्रं. त्यांना वरचा प्रश्न लागूच पडत नाही, कारण वापर हे त्यांचं काम नाही. असल्या वस्तू जशा आहेत तशा राहू द्या. कुणी त्यांचे फोटो काढून मूळ वस्तू टाकायचा सल्ला देतात. मला तो पटत नाही.

कागदपत्रं खोक्यात कधीही घालू नका. मालमत्ता, शिक्षण, आजारपण, कर, बँक यांतला एकही कागद "शेवटचा कधी वापरला" या कसोटीवर पास होत नाही, आणि लागतो तेव्हा रात्री दहाला लागतो.

खोके, डबे, कप्पे, लेबलं विकत आणून अडगळ नीट लावून ठेवणं म्हणजे झडती नव्हे. अडगळीला नवी घरं मिळाली, एवढंच.

५. वस्तूमागून आलेल्या वस्तू

छोटीशी पायरी आहे, पण चुकवू नका. वर्षभरात घरात आलेली एक मोठी वस्तू घ्या आणि तिच्यामुळे आणखी काय काय आलं त्याची साखळी लिहा. फ्रेंच विचारवंत दनी दिदरो यांना नवा उंची झगा मिळाला, आणि त्याच्यापुढे खोलीतली बाकीची साधी चीजवस्तू एकेक करून खुपायला लागली. ती बदलता बदलता ते मेटाकुटीला आले. जुन्या झग्याचे आपण मालक होतो, नव्याचे गुलाम झालो, असं त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. माझी साखळी फोनची निघाली : कव्हर, काच, कानातली बोंडं, बोंडांची डबी, गाडीतला स्टँड, जास्तीची तार. सहा कड्या. तुमची काढून बघा.

६. सवय : आधी आठवडाभर नुसती मोजा

सवय बदलायची घाई सगळ्यांनाच असते. पहिले सात दिवस काहीही बदलू नका. एकच सवय निवडा आणि नुसत्या रेघा ओढा. सोबत फक्त कुठे, केव्हा, आणि लगेच आधी काय झालं. माझ्या १९ रेघा मुलीने ओढल्या हे बरं झालं. काही सवयी स्वतःला दिसतच नाहीत, आंधळ्या ठिपक्यासारख्या. म्हणून सामानाच्या यादीत ते खरं बोलणारं माणूस आहे.

वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करतोय ते लिहायला लावलं होतं. त्यातल्या सुमारे ४३ टक्के गोष्टी जवळजवळ रोज, बहुधा त्याच ठिकाणी होणाऱ्या होत्या, आणि त्या करताना बऱ्याचदा मन दुसरीकडेच होतं. आपल्याकडे शब्दच आहे, अंगवळणी पडणं. मनाला विचारून काय उपयोग, मामला अंगाकडे आहे.

आठवडाभराच्या रेघा समोर ठेवा आणि 'लगेच आधी' या रकान्यावरून बोट फिरवा. दोन-तीन गोष्टी पुन्हापुन्हा येतील. माझ्या रकान्यात तीन आल्या : सोफ्यावरून उठणं, फोनवरचं बोलणं संपणं, आणि बाहेरचं दार वाजणं. वेळ जाणून घ्यायची गरज १९ पैकी जेमतेम दोनदा होती. बाकी सतरा वेळा मान वळणं हा उठण्याचाच भाग झाला होता, गुडघ्यावर हात टेकवण्यासारखा.

मग त्या 'आधी'ला हात घाला, सवयीला नको. "यापुढे फोन बघणार नाही" हा निर्धार लिफ्टच्या दारापर्यंत टिकतो. त्यापेक्षा फोन बॅगेच्या तळाशी ठेवा, म्हणजे काढायला दोन हात लागतात. किंवा जिना धरा. निर्धार लिहायचाच असेल तर "अमुक झालं की मी तमुक करीन" असा जोडून लिहा : "लिफ्टचं बटण दाबलं की दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यावर." हसू येईल लिहिताना. लिहा.

मुदतीबद्दल. २१ दिवसांत सवय लागते किंवा सुटते हे इतक्या ठिकाणी ऐकू येतं की खरंच वाटतं. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे सांगता सांगता त्यातला 'किमान' गळला आणि आकडा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली आला. त्यात नवी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांत फरक मात्र केवढा : १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, वरचा आकडा गणिताने पुढे वाढवून काढलेला आहे.) कामाची गोष्ट अशी की मधे एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे बाविसाव्या दिवशी काही झालं नाही म्हणून स्वतःला दोष देत वही मिटू नका. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंही लगेच जाहीर करू नका.

७. कशाची झडती घ्यायची नाही

सुरक्षेच्या सवयी. हेल्मेट, सीटबेल्ट, गॅस बंद केला का हे बघणं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहणं, डॉक्टरांनी दिलेली औषधं. त्या न विचार करता होतात तेच बरं. गाडी चालवताना नजरेचे प्रयोगही नकोत.

ज्या सवयीला व्यसन म्हणायला हवं तिथे वही पुरत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर एकाएकी बंद करणं शरीराला धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टर, मग वही.

घरच्या माणसांच्या प्रेमाला पट्टी लावत बसू नका. माझ्या एका मैत्रिणीने नवरा दिवसातून किती वेळा स्वतःहून बोलतो त्याच्या रेघा ओढल्या. चौथ्या दिवशी त्याला वही सापडली. पुढचं मी लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगते. नजरेचे प्रयोग करताना थोडं चक्रावायला होतं, ते एखाद्या तासात निवळतं. पण आजूबाजूचं सगळं खोटं, काचेपलीकडचं वाटायला लागलं आणि ते दिवसेंदिवस टिकलं, किंवा प्रत्येक गोष्ट पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय चैन पडेनासं झालं, तर हे सगळं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ग्रीसमधला पिऱ्हो हा संशयवादी इतका पक्का होता म्हणे, की समोरून येणाऱ्या गाडीवरही त्याचा विश्वास नसे आणि मित्रांना त्याला रस्त्यातून ओढून बाजूला घ्यावं लागे. गोष्ट बहुधा तिखटमीठ लावलेली आहे. पण असे मित्र प्रत्येकाला नसतात.

८. महिना संपल्यावर

वही पहिल्या पानापासून वाचा, पेन्सिल हातात घेऊन. तीनच खुणा करा. अंदाज आणि मोजमाप यांत जिथे सर्वांत जास्त फरक पडला तिथे एक फुली. जिथे अंदाज बरोबर निघाला तिथे गोल. अशा जागा निघतात, त्याही बघा. आणि जिथे तुम्ही नियम मोडून 'कारण' हा शब्द लिहिलाय तिथे रेघ मारा. माझ्या वहीत तीस पानांत बावीस रेघा झाल्या.

मग दुसरा खण घ्या, किंवा दुसरी सवय. दोन्ही एकदम नको. मधे आठवडाभर काहीही मोजू नका. मोजण्याचीही सवय लागते आणि मग तीच अंगावर बसते. मी एकदा जिन्याच्या पायऱ्या मोजत होते हे मुलीनेच लक्षात आणून दिलं.

घड्याळ आता दुरुस्त होऊन आलंय. सेकंदकाटा टकटक करत पुढे सरकतो. दुसरीकडून एकदम त्याच्याकडे नजर टाकली की पहिला ठोका जरा लांबल्यासारखा वाटतो, काटा क्षणभर थबकल्यासारखा. हाही भ्रमच आहे. डोळ्याच्या उडीत गेलेला वेळ मेंदू मागाहून त्या पहिल्या सेकंदाच्या खात्यात टाकतो. तुमच्याकडे असं ठोक्याठोक्याने चालणारं घड्याळ असेल तर करून बघा. आमचं मी समोरच्या भिंतीवर लावलंय, जुना खिळा तसाच ठेवून. आज खिळ्याकडे दोनदा बघितलं. निदान मुलीचा कागद तरी तसं म्हणतोय.